चाँदबीचा हात

कोल्हापूर,
ता. २ डिसेंबर १९०७

प्रिय शमशाद हीस,

तानाबाईचा सलाम आणि तान्हीला माझे दहा मुके. मुलगी झाल्याचं रफिकभाईंच्या चार ओळींवरून कळलं. वजन, वेळ, गडहिंग्लजला थंडी किती पडली, सगळं त्यांनी लिहिलं. बाळ कुणासारखं दिसतं ते लिहायचं मात्र त्यांना सुचलं नाही. बसायला लागलीस की तू स्वतः लिही. शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचीस, पण अक्षर तुझंच बरं होतं. आता एवढ्या वर्षांनी कबूल करायला माझं काही जात नाही.

तुझ्या अम्मा बऱ्या आहेत. आश्रमात येऊन त्यांना आता दोन महिने होतील. तुझा भाऊ निसार गेल्यावर त्या घरात एकट्या कशा राहणार, आणि जावयाच्या दारी तर मरेपर्यंत राहणार नाही हा त्यांचा हट्ट, म्हणून मीच त्यांना इथे आणलं. तेव्हा तू रडलीस ते मला आठवतं. पण अडत्या पिराजीशेटनी बांधलेली ही जागा खरोखर चांगली आहे. रंकाळ्याच्या पलीकडे आहे, वारा मोकळा. दोन वेळचं जेवण, अंगावर घोंगडी, आणि बायकांची बाजू बघायला मी आहे. माझं तरी दुसरं कोण आहे? मीही इथलंच खाते, इथल्याच खोलीत झोपते.

अम्मांनी आल्या आठवड्यातच सगळ्यांना धाकात घेतलंय. डोळ्यांनी सावलीपलीकडे दिसत नाही, पण आमटीचा पहिला घोट घेतला की स्वयंपाक्याला हाक जाते, "ही आमटी हाय का रंकाळ्याचं पानी?" सकाळच्या उन्हाच्या जागेवरून चिमणाबाईशी रोज भांडण. चिमणाबाई पांगळी आहे, तिला सरकता येत नाही, आणि अम्मांना ती दिसत नाही, तेव्हा भांडण तोंडानंच होतं आणि मग दोघी एकाच घोंगडीवर बसतात.

एक लहानशी गोष्ट आहे, ती तुझ्या कानावर घालते. चार दिवस अम्मा डावा पाय ओढत चालताहेत. विचारलं तर सांगेनात. शेवटी काल मला जवळ ओढून म्हणाल्या, "जांगंत काय तरी उठलंय. चाँदबीला बोलीव."

चाँदबीला बोलवायचं म्हणजे पंचाईत. इथला नियम असा की औषधपाणी आश्रमाच्या डॉक्टरांचंच. बाहेरचा वैद्य, हकीम, सुईण कुणी आत यायचं नाही. तीन वर्षांमागे कुणा फिरत्या वैदूनं दोन म्हाताऱ्यांना कसलं भस्म दिलं आणि दोघेही आठवड्यात गेले, तेव्हापासून हा नियम. तेव्हा नियमाला नावं ठेवता येत नाहीत. आश्रमाच्या वहीत अम्मांचा अंगठा घेताना मी तो वाचूनही दाखवला होता. त्या म्हणाल्या होत्या, "वैद नगं, हकीम बी नगं. माझी चाँदबी हाय की." त्यांच्या लेखी चाँदबी ही त्यांत बसतच नाही. खरं म्हणजे आपल्या गल्लीत कुणाच्याच लेखी बसत नाही. तुझं पहिलं बाळंतपण तिनंच केलं, माझ्या हाताला भाजलं तेव्हा तिनंच लेप दिला. हकिमाची लेक, वडिलांच्या पाठीमागं बसून शिकलेली. पण वहीत तिचं नाव काय लिहायचं?

डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मुंबईला शिकून आलेले, तरुण, बोलायला मऊ. मी अम्मांना म्हटलं, ते बघतील. त्यावर अम्मा म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं बत्तीस वर्सांत मला दिव्याच्या उजेडात बघितलं न्हाय. आन् ह्या पोराला दाखवू व्हय?" चिमणाबाई हसली. मलाही हसू आलं.

मी व्यवस्थापक बाळासोंना विचारणार आहे. माणूस वाईट नाही, त्यांना फक्त वहीबाहेरचं काही दिसत नाही. तू काळजी करत बसू नकोस, दूध आटेल. अम्मांना मी माझ्या आईच्या ठिकाणी मानते हे तुला सांगायला नको.

तुझीच,
ताना


कोल्हापूर,
ता. १२ डिसेंबर १९०७

प्रिय शमशाद,

तुझ्या अक्षरातलं पत्र बघून बरं वाटलं. मुलगी तुझ्यासारखी नाकेली आहे म्हणतेस, मग रफिकभाईंनी ते का लिहिलं नाही ते कळलं.

तू अम्मांचं विचारलंस. बाळासोंनी चाँदबीला नाही म्हटलं. जांघेत गाठ म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. प्लेगच्या साली त्यांच्या घरातली तीन माणसं गेली आहेत, गाठ हा शब्द ऐकला की ते दोन पावलं मागे सरतात. म्हणाले, "डाक्टरांनी बघितलंच पायजे. न्हाय बघू दिलं तर गावाबाहेरच्या छपरात न्यावं लागंल. मग माझ्या हातात काय न्हाय." ती प्लेगची छपरं तू पाहिली आहेस. निसार तिथूनच परत आला नाही. अम्मांना तिथे नेऊ द्यायचं नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं, म्हणून काहीतरी करणं भाग पडलं.

परवा मंगळवारी तपासणी झाली. अम्मांच्या मनाजोगी व्हावी म्हणून मी जे करता येईल ते केलं. पडदा लावला होता. बाईमाणसाच्या हातानं झाली असं समज. रोगाची गाठ नव्हे, साधं गळू आहे, पण खोल आहे आणि पिकलंय. चीर द्यावी लागेल. डॉक्टर म्हणाले, वेळेवर दिली तर आठ दिवसांत चालू लागतील.

अम्मा जरा गप्प आहेत. दुखत असेल.

बाकी इकडे थंडी खूप. पुरुषांच्या बाजूला एक नवा म्हातारा आलाय, पूर्वी कुठल्याशा तालमीत वस्ताद होता म्हणतो, आणि उठता येत नाही तरी पडल्यापडल्या सगळ्यांना जोर कसे काढायचे ते सांगतो. चिमणाबाईला कुणीतरी गूळ दिला तो तिनं अम्मांसाठी बांधून ठेवलाय. दोघींचं भांडण दोन दिवस झालं नाही.

आणखी काय लिहू? सुचत नाही. तुझे चाळीस दिवस झाल्याशिवाय निघू नकोस, गाडीचे हिसके बसतील. मी आहे.

तुझी,
ताना


कोल्हापूर,
ता. ५ जानेवारी १९०८

शमशाद,

हे पत्र तू एकटीनं वाच. रफिकभाईंना देऊ नकोस. ते तिसऱ्या दिवशी इथे पोचले तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं की ताप आला आणि सोमवारी दुपारी अम्मा गेल्या. ते खरं आहे. पण त्यांनी येताना तुझी चिठ्ठी आणली होती आणि चिठ्ठीबरोबर चाँदबीसाठी हिरवी ओढणी. तू लिहिलं होतंस, 'नियम मोडून तू चाँदबीला आत घेतलंस, हे उपकार मी विसरणार नाही.' मी ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसले. रफिकभाईंना वाटलं मी अम्मांसाठी बसले.

चाँदबी आत आली नव्हती. मी तसं लिहिलं नव्हतं, पण तुला तसं वाटावं असंच लिहिलं होतं. आता जसं झालं तसं सांगते.

बाळासोंनी छपराचं नाव काढल्यावर मी अम्मांच्या पाया पडले. दाखवा म्हटलं, नाहीतर नेतील. त्या म्हणाल्या, "नेऊ दे. चाँदबी बघंल न्हायतर कुणी न्हाय." तेव्हा ती अक्कल मला सुचली. दुसऱ्या कुणाची नव्हे, माझीच. दोन खांबांना चादर बांधायची, डॉक्टरांनी पलीकडे बसायचं, नुसता हात आत घालायचा, आणि हात बाईचा वाटावा म्हणून त्यात काचेच्या बांगड्या भरायच्या. अम्मांना दिसत तर नाहीच. कानानं काय ते कळणार.

बांगड्या आणायला मी स्वतः गेले. कासारानं माझ्या कोऱ्या कपाळाकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाच्या हाताला?" मी म्हटलं, आश्रमात एक बाई हाय, हाडापेरानं थोराड. त्यानं सगळ्यांत मोठ्या मापाच्या सहा दिल्या. डॉक्टर आधी नाहीच म्हणत होते. "हे मला पटत नाही, तानाबाई," असं दोनदा म्हणाले. मी छपराची आठवण करून दिली तेव्हा त्यांनी हात आवळून पुढे केला आणि साबण लावून आम्ही त्या चढवल्या. दोन फुटल्या, चार बसल्या. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना दोष देऊ नकोस.

मी अम्मांना सांगितलं, "चाँदबी आलीया. पर घसा बसलाय तिचा, बोलाय येत न्हाय."

शमशाद, त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "ये गं बाये," म्हणाल्या, "किती दीस झालं." आणि बोलायलाच लागल्या. कधी उठलं, कसं ठणकतं, बसायला कसं जमत नाही, जे मला चार दिवस सांगितलं नव्हतं ते सगळं. निसार स्वप्नात आला होता आणि पाणी मागत होता, तेही सांगितलं. आपल्या हातानं नेसण सैल केली. चादरीपलीकडे तो माणूस मान खाली घालून ऐकत बसला होता. मी त्याला खूण केली आणि हात आत आला. बांगड्या वाजल्या.

अम्मा बोलता बोलता थांबल्या. त्या ओरडल्या नाहीत, हात झटकला नाही. डॉक्टरांनी चाचपून बघितलं तेवढा वेळ दगडासारख्या पडून राहिल्या. मग चादर वर ओढून घेतली आणि म्हणाल्या, "चाँदबीला म्हनावं, जा आता."

मला वाटलं, साधलं. बाळासो तर खूश झाले. म्हणाले, "युक्ती झ्याक हाय की, तानाबाई. बांगड्या जपून ठेवा. पुढं बी लागतील." मी व्हय म्हणाले.

मी अम्मांचं अंथरूण नीट करायला आत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी हळू, नुसती चौकशी करावी तसं, "ताना, चाँदबीच्या हातात काच कवापास्नं आली?"

मी खांबाला बांधलेल्या चादरीची गाठ सोडायला लागले.

"नवरा जाऊन वरीस बी झालं न्हाय तिचा. तू आन् मी, दोघीच गेलतो की तिच्या दारात बसायला."

आम्ही गेलो होतो. इद्दतीच्या दुखवट्यात बसलेल्या चाँदबीच्या शेजारी मी अर्धा दिवस बसले होते, तिचे मोकळे हात माझ्या हातात होते. आणि माझे स्वतःचे हात आठ वर्षं मोकळे आहेत. दुसरी कुणी चुकली असती तर मी तिला नावं ठेवली असती. पण बाईचा हात म्हटल्यावर मला बांगड्याच सुचल्या. माझ्यासारख्या जगातल्या सगळ्या सोडून, ज्यांचे हात भरलेले आहेत त्याच बायका, असं मलाही वाटत असलं पाहिजे. ह्याचा मला इतका राग येतो की मी तो कुणावर काढू ते कळत नाही.

त्यानंतर अम्मांनी माझ्या हातचं काही घेतलं नाही. भाकरी नाही, पाणी नाही. चिमणाबाई सरपटत जाऊन त्यांच्या तोंडाला तांब्या लावायची. शुक्रवारी डॉक्टर चीर द्यायला आले, तेव्हा खरं काय ते त्यांनी स्वतः अम्मांना सांगितलं आणि माफी मागितली. अम्मा म्हणाल्या, "तुज्यावर राग न्हाय बाळा. पर हात लावू नगंस." त्यांनी लावला नाही. जबरदस्ती करा असं बाळासोंनी सुचवलं, तर डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. पुढच्या मंगळवारी ताप भरला होता. मांडी पार काळीनिळी. डॉक्टर अंगणात दोन तास बसून राहिले, बोलावलं तर असावं म्हणून. कुणी बोलावलं नाही.

चाँदबीला बातमी गल्लीतून कळली. ती तीन दिवस लागोपाठ आली आणि तीन दिवस दरवाजावर उभी राहिली. पहारेकऱ्यानं दोनदा परत लावून दिली. तिसऱ्या दिवशी मी गेले. गजांतून तिनं माझा हात धरला. म्हणाली, "मी औषद देत न्हाय. पुडी बी आणली न्हाय, बघ झडती घे. नुसतं बघते. बघायला बी बंदी हाय व्हय?" मी म्हटलं, नियम हाय, चाँदबी. भेटायला येणारा रक्ताचा लागतो. ती म्हणाली, "मग मी तिची कोण ते तिला इचारून ये की." मी विचारायला गेले नाही.

सोमवारी अम्मा गेल्या. शेवटी शुद्ध नव्हती. तुझं नाव घेतलं की नाही ते मला माहीत नाही, कारण मला जवळ येऊ देत नव्हत्या आणि चिमणाबाई त्याबद्दल बोलत नाही. घेतलं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण आता मला तुला असं बरं वाटू द्यायचं नाही.

अंघोळ घालायला बाई हवी म्हणून गल्लीतून चाँदबीच आली. ह्या वेळी बाळासोंनी स्वतः दरवाजा उघडला. "मयताला कसला नियम," म्हणाले, "या आत." मी पाणी तापवून दारापर्यंत नेऊन देत होते. आतून तिचा आवाज येत नव्हता. सगळं आटोपल्यावर ती बाहेर येऊन पायरीवर बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोल हुतं. पाल्यानं बसण्यातलं न्हवतं. ह्याला चीरच पायजे हुती, आन् चीर द्यायचं माझं काम न्हवं."

मी म्हटलं, म्हंजे तू आली असतीस तरी...

"मी आली असती तर मीच सांगितलं असतं, डाक्टरला हात लावू दे म्हणून. तिचं डोस्कं मांडीवर घेऊन बसली असती. माझं ऐकलं असतं तिनं."

नुसतं एवढं करायचं होतं, शमशाद. चाँदबीनं अंथरुणाशी येऊन एक वाक्य बोलायचं. मग डॉक्टरांची सुरी, आठ दिवस पट्टी, आणि पुन्हा उन्हाच्या जागेवरून भांडण. औषध डॉक्टरांकडे होतं. अम्मांना फक्त ते कुणाच्या तोंडून ऐकायचं हे ठरवायचं होतं, आणि अख्ख्या आश्रमात तेवढी एक गोष्ट त्यांना ठरवता येत नव्हती.

बाळासोंना मी हे सांगितलं. नियमात एवढं तरी घाला म्हटलं, की आजाऱ्याला ज्याच्यावर भरवसा आहे त्याला येऊन बसू द्यावं. ते म्हणाले, एकीसाठी वही बदलली तर उद्या शंभर वैदू दारात. डॉक्टरांनी पिराजीशेटना पत्र लिहिलं. शेटचं उत्तर आलं की नवीन डॉक्टर नेमला आहे.

आता एकच राहिलं. ते मी पत्राच्या सुरुवातीला लिहिणार होते, पण लिहवलं नाही. बायकांच्या बाजूला मागं एक लहान दार आहे, पाणी भरणाऱ्या बायकांचं. तिथं पहारा नसतो. त्याची किल्ली माझ्या कमरेला असते. चाँदबी समोरच्या दरवाजात उभी होती त्या तिन्ही दिवशी किल्ली माझ्या कमरेलाच होती. मला ती आठवली नाही असं नाही. माझा हात दोनदा तिच्यावर गेला. मनात आलं, कळलं तर मला काढतील, आणि मला ह्या खोलीशिवाय जागा नाही. ह्याच्या पलीकडे माझ्याकडे कारण नाही. नियमाचं नाव मी चाँदबीला सांगितलं, पण दार मी लावून धरलं होतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही ह्याचा भार आणखी तुझ्यावर पडेल. ओढणी मी चाँदबीला दिली आणि तुझी चिठ्ठीही वाचून दाखवली. तिनं ओढणी परत केली. ती सोबतच्या पार्सलात आहे, अम्मांची जपमाळ आणि दोन लुगडीही. मोजून घ्यावीत आणि पोच लिहावी. पोच बाळासोंच्या नावे लिहिली तरी चालेल.

कळावे,

तानाबाई
देखरेख, बायकांची बाजू
निराधार आश्रम, कोल्हापूर